डावी बाजू

दादाचा निरोप मी जेवणाचा डबा उघडता उघडता ऐकला. फोटो आजच हवाय, पोरीचं लग्न ठरतंय त्या मुलाच्या आईने घरच्या सगळ्यांचा एकत्र फोटो मागितलाय, आई हसतेय तोच दे, वहिनीच्या मागे वाळत घातलेला टॉवेल दिसतोय तो काढ, माझं पोट जमलं तर थोडं आत घे. इथवर सगळं नेहमीचं. मग तो खाकरला. माझा दादा खाकरला की समजावं, आता काहीतरी अडचणीचं येणार. "आणि तुझं जरा बघ, काय ते." बस, निरोप संपला. काय ते! एका घरात वाढलो, एका ताटात जेवलो, आणि सख्ख्या भावाला माझ्या चेहऱ्यासाठी शब्द सापडला तो हा. टॉवेलला नाव आहे, पोटाला नाव आहे, माझं मात्र 'काय ते'. मी डब्याचं झाकण परत लावलं. भूक मेली म्हणावं तर तीही मेली नव्हती, गुरगुरत बसली होती. पण मला राग आला की घास उतरत नाही, हे लहानपणापासूनचं आहे.

मला कोड आहे. झालं सांगून. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून सुरू होतं, गालावरून हनुवटीपर्यंत येतं, मग मानेवरून खाली कॉलरमध्ये शिरतं. डावी भुवई अर्धी पांढरी, पापण्याही त्या बाजूच्या पांढऱ्या. लागत नाही, दुखत नाही, खाजत नाही. माझ्या अंगावर ते जितकं मुकाट्याने राहतं तितकं घरातलं एक माणूस राहत असेल तर शपथ. शाळेत मला नकाशा म्हणायचे. "ए नकाशा, आज कुठला देश?" मी घरी येऊन सांगितलं नाही, पण दादाला कुठून तरी कळलं आणि तो मोठ्या वर्गातून उतरून आला, दोघांना लोळवलं, तिसऱ्याकडून स्वतः लोळला. संध्याकाळी ओठ सुजवून घरी. आईने विचारलं तर म्हणाला, जिन्यावरून पडलो. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो हाच दादा. म्हणून तर 'काय ते' एवढं झोंबलं. परक्याने म्हटलं असतं तर मी तिथल्या तिथे चार शब्द सुनावून डबा खाल्ला असता.

स्टुडिओतली माझी खोली मागच्या बाजूला आहे. खिडकी नाही. भिंती राखाडी, मुद्दाम तशा. भिंत रंगीत असली की तिचा रंग नजरेत उतरतो आणि स्क्रीनवरची कातडी खोटी दिसायला लागते. पुढे फोटोग्राफर दिवे लावतो, लोकांना हसवतो, "जरा मान वर, छान, छान" म्हणतो. मागे मी. लोक त्याच्यासमोर नटून बसतात आणि माझ्यासमोर उघडे पडतात, कारण मी त्यांना चौपट मोठं करून बघते. पुटकुळ्या, टाके, रात्रभर रडून सुजलेले डोळे. फोटो मी उघडला. गेल्या सुट्टीच्या दिवशी दादाच्या घरी माझ्याच कॅमेऱ्याने काढलेला. कॅमेरा तिकाटण्यावर, टायमर लावलेला, आणि मी बटण दाबून धावत जाऊन माझ्या जागेवर उभी राहणार. चार फोटो काढले. पहिल्या तीन फोटोंत कुणाचे ना कुणाचे डोळे मिटलेले. चौथ्याला मी धावताना सतरंजीत पाय अडकून अशी धडपडले की आई खदखदून हसली, आणि कॅमेऱ्याने तेवढ्यात टिपलं. आई कित्येक महिन्यांत तशी हसली नव्हती. म्हणून तोच हवा. आणि त्याच फोटोत मी सरळ समोर बघतेय. पूर्ण चेहरा. मान वळवायला वेळच मिळाला नाही.

कारण मी नेहमी मान वळवते. मी म्हणजे आई. माझ्या आयुष्यातल्या प्रत्येक फोटोच्या आधी दोन बोटं येतात, माझ्या हनुवटीखाली लागतात आणि चेहरा अलगद डावीकडे फिरवतात. "डावी बाजू आत घे गं." रागावून नाही हं, मायेने, केस कानामागे सारावेत तसं. शाळेच्या फोटोत, मामाच्या लग्नात, दादाच्या लग्नात, ठकीच्या पहिल्या वाढदिवशी. ठकी म्हणजे दादाची मुलगी, माझी भाची. खरं नाव चांगलं लांबलचक आहे, पण बाहुलीसारखी दिसायची म्हणून मी ठकी म्हटलं आणि ते चिकटलं. आमच्या घरचे अल्बम परक्या माणसाने चाळले तर त्याला वाटेल, या बाईला उजवीकडूनच काय ते देवाने घडवलंय. आता स्क्रीनवर मोठं करून बघितलं तर या चौथ्या फोटोतसुद्धा आईचा हात अर्धवट वर आलेला. खदखदून हसतेय, डोळ्यांत पाणी आलंय, आणि हात मात्र सवयीने माझ्या हनुवटीकडे निघालेला. पोचला नाही. कॅमेरा आधी पोचला. मला हसू आलं. म्हातारी दम्याने थकली, गुडघ्यांनी थकली, पण ती दोन बोटं थकली नाहीत.

या धंद्यात मी आले तीही याच डाव्या बाजूपायी. नोकरीच्या अर्जाला लावायला फोटो काढायला म्हणून याच स्टुडिओत आले होते. तेव्हा मास्तर होते इथे, सगळेच त्यांना मास्तर म्हणायचे. दुसऱ्या दिवशी पाकीट उघडलं तर आत भलतीच मुलगी. दोन्ही गाल सारखे, दोन्ही भुवया काळ्या. मी म्हटलं, "हा माझा फोटो नाही." मास्तर म्हणाले, "अगं, तुझाच. जरा साफ केलाय. वेगळे पैसे नाही लावले." मी म्हटलं, "साफ करायला मी काय तुम्हाला खरकटं भांडं वाटले?" मास्तर चष्म्यावरून बघतच राहिले. मग मी म्हटलं, केलंत ते केलंत, आता कसं केलंत ते दाखवा. ती अर्ज केलेली नोकरी मिळाली नाही, ही मिळाली. मास्तरांनी पहिल्या दिवशी शिकवलं ते एवढंच: पुसायचं नाही, झाकायचं. खोडरबराने पुसलेलं परत येत नाही. म्हणून मूळ फोटोला हात लावायचा नाही. त्याच्यावर दुसरा थर ठेवायचा, दुरुस्त केलेला, आणि त्या थरावर घालायचा मास्क. मास्क काळा असेल तिथे वरचा थर दिसत नाही, पांढरा रंगवाल तिथे दिसतो. एवढंच आहे सगळं. काळा लपवतो, पांढरा दाखवतो. मास्तर म्हणायचे, "खाली खरं तसंच असतं पोरी, कुठे जात नाही. आपण फक्त वर काय दिसावं ते ठरवतो." गेले बिचारे. त्यांच्या चितेपुढेसुद्धा मी उजवी बाजू पुढे करून उभी होते, इतकी सवय.

टॉवेल काढला. तो दोन मिनिटांचा खेळ. दादाचं पोट आत घेतलं, त्याचा वेगळा थर, वेगळा मास्क, आणि शर्टाच्या चौकटी वाकड्या होऊ नयेत म्हणून नीट जपून. पोटासाठी एवढे कष्ट घेताना मी स्वतःशीच बडबडत होते. मग उरली मी. मी खुर्ची मागे ढकलली, पाणी प्यायले, परत येऊन बसले. करू का? का करू? मनात दोन बायका भांडत होत्या आणि दोघींचा आवाज माझाच. एक म्हणत होती, फोन उचल आणि त्याला सांग, जमणार नाही, घे तुझं पोट आणि जा. दुसरी म्हणत होती, हा फोटो तुझा नाही, ठकीचा आहे. पोरीने स्वतः मुलगा निवडलाय, पोरगा चांगला आहे, हसतो तेव्हा आवाज करून हसतो. त्याची आई जुन्या वळणाची. तिने तुझा गाल बघितला आणि विचारलं, हे तुमच्या घराण्यात आहे का, तर? तुझ्या मानापायी पोरीचं ठरलेलं फिसकटलं तर तू रात्री झोपशील? हिच्यापुढे पहिली गप्प झाली. तुम्ही मला काय वाटेल ते म्हणा, पण ठकीला ताप आला की मी तिच्या आईच्या आधी जागी व्हायचे. तिच्यासाठी मी शंभर वेळा मान वळवीन. मी स्क्रीनवर रंगवायचं पेन उचललं.

हात बसलेला आहे माझा. उजव्या गालाची कातडी घेऊन डाव्यावर बसवली, उजेड डावीकडून येतोय तसा जुळवला, भुवईचे पांढरे केस एकेक काळे रंगवले. तो सगळा थर काळ्या मास्कखाली लपवला आणि मग बारीक पांढऱ्या ब्रशने, मऊ कडेने, फक्त डागांपुरता तो दाखवत गेले. कपाळाच्या कडेला जिथे डाग पुसट होत जातो तिथे करडा. जबड्याच्या हाडावर जिथे किनार एकदम तुटते तिथे कडक. स्वतःच्या चेहऱ्यावर इतका वेळ मी कधीच घालवला नव्हता. आरशातही मी घाईत असते, आणि आरसा तर उलटाच दाखवतो. झालं तेव्हा स्क्रीनवर एक बाई उभी होती. चांगली होती दिसायला, खोटं कशाला बोलू. आईसारखी बरीच. फोटोतल्या माझ्या आईशेजारी आईचीच कुणी बहीण उभी असावी तशी. मी तिच्याकडे बघून म्हटलं, "कोण गं तू?" आणि काम तपासायची सवय म्हणून फक्त मास्क तेवढा उघडून बघितला. फोटो गेला. काळ्याभोर पडद्यावर उरले माझे डाग. डोळ्याच्या कोपऱ्यातलं टोक, गालावरचा रुंद पट्टा, हनुवटीजवळचं एकटं बेट, मानेवरून उतरणारी चिंचोळी वाट. चेहरा नाही, नाक नाही, डोळे नाहीत. नुसता नकाशा. लपवायचं म्हणून मी तो इतका नीट काढला होता की शाळेतल्या त्या तिघांनाही काढता आला नसता. मी बघत राहिले. पहिल्यांदाच मला तो आवडला. अगदी खरं सांगते, आवडला. त्याच्या कडा मला पाठ होत्या, एखादं रोजच्या पायाखालचं गाव पाठ असतं तशा. आणि हे सगळं मी आता एका थराखाली गाडून, वर गोड हसून, मुलाच्या आईला पाठवणार होते!

तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या आगीतही हात काम करत होते; कडा तपासताना मी खांद्यापाशी आले. माझ्या डाव्या खांद्यावर ठकीचा हात आहे फोटोत, मी धडपडले तेव्हा तिने धरलं होतं. तो हात चौपट मोठा करून बघितला आणि मी पेन खाली ठेवलं. कातडीला पोत असतो. रंध्रं असतात, बारीक लव असते, बोटांच्या पेरांवर सुरकुत्या असतात. ठकीच्या हाताच्या दोन पेरांवर यातलं काही नव्हतं. गुळगुळीत. रंग जुळवलेला, पण कडेला जरा जास्तच पिवळा. आयुष्यभर हेच बघत आलेय मी, मला कोण फसवणार? तिथे मेकअप होता. आणि पेरांवर मेकअप कुणी हौसेने लावत नाही. आईने माझ्या गालावर लावलेल्या पावडरीचा वास त्या बंद खोलीत मला आला, तो वास आता कुठल्या डब्यातही उरला नसेल. मी फोन लावला.

"आत्या? झाला फोटो?"

"ठकी, उजव्या हाताला काय लावलंयस?"

तिकडे एक लांब श्वास. "तुला फोटोत दिसलं?"

"मला नाही दिसणार तर कुणाला दिसणार? कधीपासून आहे?"

"थंडीत सुरू झालं. आधी एक ठिपका होता. आता दोन पेरं, आणि मनगटावर थोडं." तिचा आवाज आधी नीट होता, मग कापायला लागला. "आईने आणून दिलं ते लावायला. बाबा म्हणाले, लग्न होईपर्यंत आत्याला बोलू नका, तिला वाईट वाटेल."

"मला वाईट वाटेल? काय पण लोक आहात! घरात एक मी पदवीधर बसलेय या विषयातली, आणि मलाच बोलायचं नाही?"

ती रडता रडता हसली. मग मला खरं विचारायचं होतं ते विचारलं. "मुलाला माहितीये?"

"त्याला पहिल्या दिवशीच सांगितलं. तो म्हणाला, बरं. एवढंच म्हणाला, आणि चहा मागवला. पण त्याच्या आईला सांगितलेलं नाही. बाबा सांगू देत नाहीत." जरा थांबली. "आत्या, बाबांनी तुला पण झाकायला सांगितलंय ना?"

मी स्क्रीनकडे बघितलं.

"तू झाकलंस?"

काळ्या पडद्यावरचा तो नकाशा समोर तसाच होता. मी माऊस सरकवला, सगळा मास्क एका फटक्यात काळ्याने भरला, आणि ती गोड बाई नाहीशी झाली. खालून मी वर आले. पांढरी भुवई, पांढरा गाल, सतरंजीत अडकलेला पाय, सगळ्यासकट.

"नाही," मी म्हटलं. "माझं मी राहू देणारे. पण तुझा हात तुझा आहे. त्याचं काय करायचं ते तू सांग. झाकलेलाच ठेव म्हणालीस तर एक अक्षर बोलणार नाही."

"थांब जरा," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

तेवढ्यात दादा आला. निरोपाचं उत्तर आलं नाही म्हणून कामावरून सरळ इकडेच. दारात उभा राहून त्याने स्क्रीनकडे बघितलं. स्क्रीनवर मी, सरळ समोर बघणारी. त्याचा चेहरा उतरला. "अगं, अजून केलं नाहीस?"

"केलं होतं. काढून टाकलं."

"तुला कळत कसं नाही!" तो आत आला, दार लावून घेतलं. "मी काय तुझी लाज वाटते म्हणून सांगितलं का? काही गोष्टी वेळ येईपर्यंत बोलायच्या नसतात. झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"आणि कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही," मी म्हटलं. "ठकीच्या हाताला आहे, दादा. मी बघितलंय."

तो मटकन स्टुलावर बसला. माझा दादा, ओठ सुजवून घरी येणारा. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसत राहिला. "तुझा चेहरा बघितला की मुलाच्या आई ठकीचा हात शोधतील," तो म्हणाला. "तुझं दिसलं नाही तर कुणी शोधणार नाही. मला दुसरं काही सुचलं नाही गं. तुझ्या वेळी काय काय झालं ते मी बघितलंय. आलेली स्थळं कशी उठून जायची ते बघितलंय. चहा तसाच टाकून जायची माणसं. माझ्या पोरीला ते नको."

"मलाही नको होतं," मी म्हटलं. माझा आवाज चढला आणि मी तो चढू दिला. "पण माझी मान आईने वळवली, आता माझा गाल पुसून ठकीची मान तू वळवणार. मग ती आयुष्यभर बाह्या ओढत बसणार, सासूसमोर पाण्यात हात घालायला घाबरणार, आणि पुढे पोरगी झाली की तिच्या हनुवटीला बोटं लावणार. कुठे थांबायचं हे? तू त्या पोरांना मारलंस ना, तेव्हा तुला वाटलं ते नकाशा म्हणाले म्हणून मी रडले. मी त्यासाठी रडले नव्हते. तू घरी येऊन जिन्यावरून पडलो म्हणालास, म्हणून रडले. त्या दिवशी एकदा तरी म्हणायचंस, माझ्या बहिणीला कोड आहे, काय करायचं ते करा!"

तो राखाडी भिंतीकडे बघत बसला. पुढच्या खोलीत फोटोग्राफर कुणाला तरी सांगत होता, जरा हसा, असं नको, मनापासून.

फोन वाजला. ठकीने फोटो पाठवला होता. बेसिनपाशी, नळावरच्या दिव्याच्या उजेडात, धुतलेला हात. साबणाचा फेस अजून मनगटावर. बोटं तशीच वाकवलेली, माझ्या खांद्यावर होती तशी; पोरीने विचार करून काढला होता. दोन पेरं पांढरी, मनगटाच्या हाडापाशी पांढरं. खाली लिहिलं होतं: हा हात घाल आत्या. पण नीट घाल, जोडलाय असं वाटायला नको. मला हा फोटो बाबांच्या आधी पाठव. मी स्वतः त्याच्या आईला देणारे.

मी फोन दादापुढे धरला. त्याने वाचलं, दोनदा वाचलं, आणि परत दिला. मी तो हात मूळ फोटोवर ठेवला, नव्या थरात. मापात आणला, कोन जुळवला, बेसिनच्या उजेडातला निळेपणा काढला, फेस काढला. मास्क काळा. हात नाहीसा झाला. मग पांढरा ब्रश, मऊ कडेचा, आणि मी सुरुवात केली. या खोलीत मी किती लोकांचे डाग घालवले त्याची गणती नाही. डाग आणायचं काम पहिल्यांदाच करत होते. पहिलं पेर आलं. दुसरं आलं. मनगटाचं आलं. खरी कातडी, रंध्रांसकट, सुरकुत्यांसकट, माझ्या खांद्यावर माझ्या गालाशेजारी येऊन बसली. आणि तेव्हा दिसलं की दोन्ही पांढरे एकाच छटेचे आहेत. रंग जुळवायची गरजच पडली नाही. दादा स्टूल ओढून जवळ आला होता, त्याचा श्वास माझ्या कानाशी ऐकू येत होता.

"आई काय म्हणेल?" तो म्हणाला.

"आई हसतेय, बघ."

तो बघत राहिला. आईचा तो अर्धवट उठलेला हातही त्याला दिसला असणार, कारण त्याने एकदम नाक ओढलं. मी फोटो ठकीला पाठवायला घेतला, तेव्हा त्याने माझा हात धरला. मला वाटलं, आता हा आडवा येणार. मी तयारच होते, पेनाचं टोक त्याच्याकडे वळवून.

"थांब," दादा म्हणाला. "मग माझं पोट तरी कशाला आत? तेही बाहेर काढ."

मी त्याचा मास्क काळ्याने भरला. पोट आलं, शर्टाच्या चौकटी ताणत, चांगलं ऐसपैस. मग मी फोटो पाठवला.